महाबळेश्वर: दिवस एक, पॉइंट बारा

वाचक विचारतात

सहकुटुंब महाबळेश्वरला निघालेल्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा मुक्काम दोन रात्रींचा आहे, म्हणजे हाती पूर्ण दिवस एकच.

आम्ही डिसेंबरच्या अखेरीस आठ जण जाणार आहोत. सासू-सासरे सत्तरीचे, मुलं चार आणि नऊ वर्षांची. हॉटेलवाल्यांनी बारा पॉइंटांची यादी पाठवली आहे आणि प्रतापगडही ‘त्याच दिवशी होतो’ असं म्हणतात. खरंच होतो का? क्रम कसा ठेवावा? (नाशिक)

होतो, पण मग दिवसभर गाडीत चढणं-उतरणं तेवढं लक्षात राहतं. आधी त्या यादीकडे नीट बघा. आर्थर सीटला गाडी लावली की इको, माल्कम, हंटर, टायगर स्प्रिंग, विंडो, आर्थर सीट ही सगळी नावं एकाच पायवाटेवर, काही मिनिटांच्या अंतराने येतात. म्हणजे बारातले सहा तिथेच संपले. यादी लांब दिसावी म्हणून ती मोजतात. तुम्ही पॉइंट मोजू नका, दिशा मोजा.

गाव मधोमध आहे आणि बघण्यासारखं तीन बाजूंना. उत्तरेला क्षेत्र महाबळेश्वर, एल्फिन्स्टन पॉइंट आणि टोकाला आर्थर सीट, बाजारपेठेपासून सुमारे १२-१३ किलोमीटर. पूर्वेला पांचगणी रस्त्याच्या अंगाने वेण्णा लेक, लिंगमळा धबधबा, केट्स पॉइंट. पश्चिमेला लॉडविक आणि बॉम्बे पॉइंट. प्रतापगड पश्चिमेलाच, पण आंबेनळी घाट उतरून वीस-बावीस किलोमीटर पुढे. गावाजवळच्या तीन दिशा एका दिवसात आरामात होतात. चौथं काही त्यात कोंबू नका.

कोणत्या दिशेला कधी जायचं हे ऊन ठरवतं. आर्थर सीटवरून आपण वायव्येकडे बघतो, म्हणून सकाळी ऊन पाठीशी असतं आणि दरीतल्या कड्यांचे थर एकामागून एक सुटे दिसतात. दुपारी तीननंतर तिथेच सूर्य डोळ्यांवर येतो आणि सगळी दरी पांढुरकी होते. केट्स पॉइंटचं बरोबर उलट: तो पूर्वेकडे, कृष्णेच्या खोऱ्यावर उघडतो. सकाळी दहाला तिथे गेलात तर धोम धरणाचं पाणी नुसतं चमकतं, निळं दिसत नाही. दुपारी साडेतीनला तेच पाणी, पलीकडची शेतं आणि डोंगर स्वच्छ दिसतात.

तेव्हा वेळापत्रक असं धरा. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या पुढे-मागे उगवतो. हौस असेल त्यांनी पावणेसातला विल्सन पॉइंट गाठावा. तो गावाजवळच आहे, सुमारे १,४३९ मीटर उंचीवर, महाबळेश्वरातलं सगळ्यात उंच ठिकाण. चार वर्षांच्या मुलाला त्यासाठी उठवू नका. साखरझोपेतून काढलेलं मूल अकरा वाजता हट्टाला पेटतं आणि दुपार सगळ्यांची जाते. आठला नाश्ता, साडेआठला निघून सव्वानऊच्या आत आर्थर सीट. दर्शनाच्या टॅक्स्या साधारण दहानंतर गर्दी करतात, तोवर तुमचं निम्मं झालेलं असतं. तासभर तिथे, परतताना क्षेत्र महाबळेश्वर, साडेबारापर्यंत जेवायला गावात. जेवणानंतर दोन तास खोलीवर पडा. हे दोन तास वाचवायला जाणारे संध्याकाळी भांडतात. पावणेतीनला निघून केट्स पॉइंट, आणि सव्वाचारला तिथून हलायचंच, कारण परतीच्या रस्त्यावर वेण्णा लेकपाशी गाड्या तुंबतात. पाच-सव्वापाचला बॉम्बे पॉइंट. सूर्यास्त सहा-दहाच्या आसपास.

आणि नाताळ ते एक जानेवारी टाळता आलं तर जरूर टाळा. एकच आठवडा पुढे सरकलात तर थंडी तीच, स्ट्रॉबेरी जास्त आणि रस्ता मोकळा.

आईचे गुडघे दुखतात. गाडीतून उतरून फार चालता येत नाही. तिला नेण्यासारखे पॉइंट कोणते? (ठाणे)

विल्सन आणि बॉम्बे पॉइंट. दोन्हीकडे गाडी जवळपर्यंत जाते आणि चाल सपाटीची आहे. विल्सनवर तीन चौथरे आहेत. वर चढण्याची गरज नाही, कडेच्या कठड्यावरूनही पुरेसं दिसतं. क्षेत्र महाबळेश्वरला दुकानांच्या गल्लीतून चालावं लागतं, तेही जमण्यासारखं. मात्र देवळात अनवाणी जायचं असतं आणि हिवाळ्यात सकाळी दगडी फरशी बर्फासारखी गार असते, म्हणून जाड मोजे जवळ ठेवा.

केट्स पॉइंटला थोडं चालणं आणि काही पायऱ्या आहेत. हात धरून हळूहळू होईल. आर्थर सीटला सगळं टोकापर्यंत जाण्याचा आग्रह नको. वाहनतळाजवळच्या पहिल्या कठड्यावरून सावित्रीची दरी दिसते, तेवढ्यावर त्यांना बाकावर बसवा आणि बाकीच्यांनी पुढे जाऊन यावं. कोणीतरी एक जण सोबत थांबा, कारण मोबाइलला तिथे भरवशाची रेंज नसते. लॉडविक आणि लिंगमळा मात्र सोडून द्या. लॉडविकला स्तंभापर्यंत आणि पुढे हत्तीच्या डोक्यासारख्या कड्यापर्यंत उघड्या धारेवरून चालावं लागतं. लिंगमळ्याची उतरण जाताना सोपी वाटते आणि येताना गुडघे आठवण करून देतात. शिवाय मार्चनंतर लिंगमळ्यात पाणी नावापुरतंच असतं, तेव्हा उन्हाळ्यात निरोगी गुडघेवाल्यांनीही ती पायपीट करू नये.

स्वतःची गाडी न्यावी की तिथे टॅक्सी करावी? (सोलापूर)

गावापर्यंत स्वतःची न्या, दर्शनाच्या दिवशी टॅक्सी करा. खर्च वाढतो हे खरं, पण आर्थर सीटचा रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली की कडेला दबून थांबावं लागतं, आणि सुट्टीच्या दिवशी चालकाचा निम्मा वेळ गाडी लावण्याची जागा शोधण्यात जातो. तो घरातलाच माणूस असतो, त्याची सहल होत नाही.

स्टँडवर टॅक्सीचे ठरलेले दर असतात. महाबळेश्वर दर्शन, पांचगणी दर्शन, प्रतापगड दर्शन अशा वेगवेगळ्या फेऱ्या विकल्या जातात. बसण्याआधी चार गोष्टी विचारा: एकूण तास किती, सूर्यास्त धरलेला आहे का, वाहनतळ आणि प्रवेशाचे पैसे कोणाचे, आणि जेवायला मध्ये खोलीवर सोडणार का. शेवटच्या दोन मुद्द्यांवरच वाद होतात. वर दिलेला क्रम चालकाला आधीच सांगा. त्याच्या सोयीचा क्रम बहुधा वेगळा असतो, कारण त्याला संध्याकाळी दुसरी फेरी मारायची असते. आठ जण असाल तर एका गाडीत दाटीवाटी करण्यापेक्षा मोठी गाडी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

स्वस्तातलं हवं असेल तर एसटीच्या महाबळेश्वर आगारातूनही दर्शनाच्या गाड्या निघतात. मोसमाप्रमाणे वेळा बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी आगारातच चौकशी करावी. दोघं-तिघं असाल तर हा पर्याय उत्तम. लहान मूल असेल तर नाही, कारण गाडी कोणासाठी थांबत नाही.

वाईहून पसरणी घाट चढताना मुलीला दर वेळी उलटी होते. गोळी देऊनही फरक पडत नाही. (पुणे)

गोळी कधी देता, हे पत्रात लिहिलेलं नाही, आणि घोटाळा बहुधा तिथेच आहे. गाडी लागण्यावरच्या गोळ्यांना अंगात भिनायला अर्धा ते एक तास लागतो. पहिल्या वळणावर मूल पांढरं पडल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. पुण्याहून येताना सुरूर फाट्याच्या आधी, म्हणजे खंबाटकी ओलांडता ओलांडता ती दिली गेलेली हवी. कोणती आणि किती हे मुलीचं वजन सांगून डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा हा हिशेब चालत नाही, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला यातलं काहीही परस्पर देऊ नये.

उलटी का होते? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय. डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात आणि सांगतात की काही हलत नाही. मेंदूला हा विरोधाभास सोसत नाही. म्हणून घाटात मोबाइल बंद, चित्रांचं पुस्तक बंद, नजर लांबच्या डोंगरावर. मागच्या सीटवर मुलीला मध्ये बसवा, म्हणजे तिला समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. पट्टा मात्र हवाच. निघण्याआधी तासभर हलकं खाणं: भाकरीचा तुकडा, केळं, सुके कुरमुरे. दूध आणि वडापाव नको. उपाशी पोटीही नको, त्याने मळमळ वाढते.

उरलेलं काम चालकाचं. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नाही. वळणात ब्रेक आणि लगेच जोर, असं हेलकावत नेलं तर मोठ्या माणसालाही कसंतरी होतं. आणि गाडीतला सुगंधी डबा काढून टाका. अर्ध्या उलट्या त्याच्याच असतात.

मे महिन्यात बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त बघायला दोन तास थांबलो. सूर्य क्षितिजावर टेकलाच नाही, वरच्या वरच विरून गेला. ढग तर नव्हते. असं का? (औरंगाबादचे वाचक, आता छत्रपती संभाजीनगर)

ढग नव्हते, पण धुरकटपणा होता. मे महिन्यात जमिनीवरून उठलेली धूळ, वणव्यांचा धूर आणि समुद्रावरून कोकणात येणारी दमट हवा यांचा थर क्षितिजालगत बसतो. डोक्यावर बघताना आपली नजर या थराचा थोडासाच भाग पार करते. क्षितिजाकडे बघताना ती त्याच्यातून आडवी, कितीतरी किलोमीटर जाते. सूर्य त्या थरात शिरला की आधी लालसर ताटली होतो आणि मग पुसल्यासारखा नाहीसा होतो, टेकण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच.

पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत, सगळ्यात स्वच्छ सूर्यास्त मिळतो. डिसेंबर-जानेवारीतही बरा. मे महिन्यात जायचं तर वळवाचा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संधी असते. डिसेंबरच्या मध्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाला, मेच्या मध्यात सातच्या सुमारास धरा. आपण उंच कड्यावर असल्याने क्षितिज खाली जातं आणि स्वच्छ हवेत सूर्य पंचांगातल्या वेळेपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त दिसत राहतो. पण धुरकट हवेत हिशेब उलटा: पाव तास आधीच कार्यक्रम आटोपलेला असतो. दोन तास मात्र थांबू नका, पाऊण तास पुरे. मावळल्यावर लगेच गाडीकडे पळूही नका. सगळे पळतात म्हणून बाहेर पडणारी रांग अर्धा तास हलत नाही, आणि रंग खरे चढतात ते नंतरच्या वीस मिनिटांत.

वेण्णा लेकपाशी ‘बर्फ’ पडतो असं दर हिवाळ्यात ऐकतो. आम्ही जानेवारीत सकाळी नऊला गेलो, काही नव्हतं. (मडगाव)

बर्फ पडत नाही. दव गोठतं. आणि नऊला जाऊन ते मिळणार नाही. सूर्याची तिरीप लागताच दहा मिनिटांत पाणी होतं.

निरभ्र, वारा पडलेली रात्र हवी. जमीन, गवत, गाड्यांचे टप, बोटी लावण्याच्या धक्क्याच्या फळ्या आकाशाकडे उष्णता सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. गार हवा जड. ती उतारावरून ओघळून तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागात साचते. म्हणून गावात तापमापक दहा-अकरा दाखवत असताना तिथे पाच-सहा असू शकतं आणि गवताच्या पात्यावर शून्य. विल्सन पॉइंट जास्त उंच असूनही तिथे दव गोठत नाही, याचं कारण हेच. आदल्या रात्री चांदणं लख्ख असेल आणि पान हलत नसेल तर पहाटे सहा-सव्वासहाला जा, विजेरी घेऊन. ढग किंवा वारा असेल तर झोपा.

मुलांना दोन थर कमी चालतील, पण कानटोपी आणि मोजे हवेत. पुण्याच्या मानाने महाबळेश्वर सुमारे आठशे मीटर उंच, म्हणजे हवा सरासरी पाच अंशांनी गार. एक जाड जाकीट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे घातलेले बरे, कारण अकरा वाजता ऊन चटका देतं आणि मग ते जाकीट दिवसभर कोणाच्या तरी हातात लोंबकळतं.

नऊ वर्षांचा नातू विचारतो, एका गोमुखातून पाच नद्या कशा निघतील? उत्तर देता आलं नाही. (इंदूर)

नातवाचा प्रश्न रास्त आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतात, अशी श्रद्धा आणि तशी रचना आहे. नद्यांचे ओहोळ प्रत्यक्षात याच माथ्याच्या वेगवेगळ्या उतारांवर सुरू होतात. छपराच्या आढ्यावर पडलेलं पाणी दोन्हीकडच्या पन्हाळींनी वाहून जावं, तसं हे आहे. आढं एक, पन्हाळी अनेक. कृष्णा पूर्वेला उतरते आणि अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर जन्मूनही सुमारे १,४०० किलोमीटर उलट दिशेने चालत बंगालच्या उपसागराला मिळते. वेण्णा तिला साताऱ्याजवळ संगम माहुलीला भेटते, कोयना कराडला प्रीतिसंगमावर. सावित्री मात्र पश्चिमेला कोसळते, गायत्रीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते.

हे त्याला सांगण्यापेक्षा दाखवा. आर्थर सीटच्या टोकाला उभं राहून डाव्या हाताला सावित्रीची दरी आणि उजव्या हाताला कृष्णेकडे पाणी नेणारं जोरचं खोरं. दोन्ही हात पसरले की एका हातावरचा पाऊस अरबी समुद्रात, दुसऱ्यावरचा बंगालच्या उपसागरात. तिथेच तुम्हाला पोरं बाटल्यांची झाकणं दरीत टाकताना दिसतील. कड्यावर आपटलेला वारा वर चढतो आणि हलकी वस्तू परत उडवून देतो. गंमत बघायची तर वाळकं पान पुरतं. प्लास्टिक परत येत नाही तेव्हा ते दरीतच राहतं.

देवळात वेळ असेल तर पंचगंगेपासून पाच-सात मिनिटांवरच्या कृष्णाबाईच्या जुन्या दगडी देवळापर्यंत जा. बरेच जण दुकानांपाशीच परत वळतात, त्यामुळे तिथे शांतता असते. नातवाला इतिहासाची गोडी असेल तर हेही सांगा: जानेवारी १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशी शिवाजी महाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला या क्षेत्री केली.

प्रतापगडाला किती वेळ धरावा? आम्ही परत मुंबईला पोलादपूरमार्गे जाणार आहोत. (डोंबिवली)

मग तो परतीच्या दिवशीच करा, वाट वाकडी करावी लागत नाही. महाबळेश्वरहून गडाच्या पायथ्याशी जायला पाऊण ते एक तास, गडावर दोन-अडीच तास. आठला निघालात तर साडेअकराला खाली येता. त्यानंतर पायऱ्या तापतात. चारशेहून अधिक पायऱ्या आहेत, उंच-सखल, तेव्हा चपला नकोत, पाठीवरच्या पिशवीत माणशी एक लिटर पाणी हवं.

किल्ल्याचे दोन भाग. खालच्या भागात भवानीचं मंदिर (१६६१), वर बालेकिल्ल्यात केदारेश्वर आणि १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा. आजी-आजोबांनी भवानीपर्यंत जाऊन थांबावं. गड १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला, एवढं सगळ्यांना पाठ असतं. वाटाड्या घेणार असाल तर त्याला ती गोष्ट सोडून जावळीचं रान बुरुजावरून दाखवायला सांगा: पार गाव कुठे, घाटाच्या वाटा कुठून येतात, इथेच गड का बांधला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत प्रतापगड आहे, तोही त्या ‘का’मुळेच.

ऑटोमॅटिक गाडीने घाट उतरताना ब्रेकमधून जळका वास आला, पेडल मऊ लागलं. गाडीत दोष आहे का? (कोल्हापूर)

दोष बहुतेक गाडीत नाही, गिअरमध्ये आहे. पांचगणी ते वाई तुम्ही पाचशे मीटरहून जास्त उतरता, पोलादपूरकडे तर बाराशेहून जास्त. माणसांसकट दीड टनाची गाडी पसरणी घाट उतरताना सव्वादोन युनिट विजेएवढी ऊर्जा सोडते. ती इंजिनाने रोखली नाही तर बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. पॅड तापून पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं दबतं. ऑइल दोन-तीन वर्षं बदललेलं नसेल तर ते ओलावा शोषून घेतं आणि लवकर उकळतं. जाण्याआधी ते बदलून घ्या.

उतरताना गाडी ‘डी’वर सोडू नका. ‘एल’ असेल तर ‘एल’, नाहीतर मॅन्युअलवर दुसरा गिअर. इंजिनाचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका, तेच ब्रेकचं काम करतंय. नियम जुना आहे: ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर पाय ठेवून राहण्याऐवजी वळणाआधी ठामपणे दाबा आणि सोडा. न्यूट्रल तर कधीच नाही, पेट्रोल वाचवायलाही नाही. विजेवरची गाडी असेल तर वर शंभर टक्के चार्ज करून निघू नका. बॅटरी भरलेली असली की उतारावर तयार होणारी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ऐंशी टक्के पुरे.

वास आलाच तर रुंद जागी अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. चाकाखाली दगड लावलात तर निघताना बाजूला करा. घाटात असे सोडलेले दगड जागोजागी भेटतात. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचं.

स्ट्रॉबेरी घरी आणेपर्यंत निम्मी खराब होते. (नागपूर)

नागपूरपर्यंत ताजी नेण्याचा हट्टच सोडा, असा आमचा सल्ला. रात्रीचा प्रवास असेल आणि थर्मोकोलचा डबा असेल तरच न्या.

घेताना: देठाच्या टोपीपर्यंत लाल हवी. खांद्याकडे पांढरी असलेली स्ट्रॉबेरी घरी जाऊन पिकत नाही. ती तोडली तशीच राहते, फक्त मऊ पडते. पाकीट उलटं करून तळ बघा, तिथे रस उतरलेला असेल तर एक फळ फुटलेलं आहे आणि बुरशी तिथूनच पसरते. वरचा थर मोठा आणि खालचा बारीक ही युक्तीही जुनीच. सकाळी तोडलेला माल दुपारच्या आधी घ्या. दिवसाच्या शेवटी नाही, जाण्याच्या दिवशी घ्या. धुवायची ती खातानाच, देठासकट. आधी धुतली की संपली. गाडीत डिकीत नको, पायाशी सावलीत ठेवा, एकावर एक दोनपेक्षा जास्त पाकिटं नकोत. घरी फ्रिजमध्ये दोन दिवस.

मोसम साधारण नोव्हेंबरअखेर ते मार्च, जोर जानेवारी-फेब्रुवारीत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मे महिन्यात पेल्यातून मिळते ती बहुधा गोठवलेली असते, क्रीमखाली ते कळत नाही. त्याऐवजी मार्च-एप्रिलमध्ये तुती मागा, स्वस्त आणि खरी ताजी.

जुलैत जावं का? पाऊस आवडतो. (लातूर)

पाऊस बघायला जा, दऱ्या बघायला नको. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात येतो. पॉइंटवर उभं राहून हातभर पुढचं दिसत नाही, वेण्णा लेकची बोट बंद असते, आंबेनळीत दरड आली की पोलादपूरचा रस्ता बंद. मुक्काम गावात ठेवा, लिंगमळा बघा, आणि एक दुपार भिलारला काढा. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे: घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली असतात, बसून वाचायची. धुक्यात यापेक्षा चांगली जागा नाही.

माकडांनी मुलीच्या हातातलं कणीस पळवलं, ओरखडाही उठला. काय करावं? (अहिल्यानगर)

ओरखडा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. रेबीजची लस लागेल का हे डॉक्टर ठरवतील, ‘नुसता ओरखडा’ म्हणून घरी बसू नका. पुढच्या वेळी पॉइंटवर कणीस, शेंगा, चिक्कीचं पाकीट बाहेर काढूच नका. पिशवीचा खसखस आवाज त्यांना पुरतो. खाणं गाडीत, काचा वर करून. माकडाने काही धरलंच तर ओढाताण न करता सोडून द्या. डोळ्याला डोळा भिडवू नका आणि दात दिसतील असं हसूही नका, त्याला ती धमकी वाटते. चष्मा दोरीने बांधा.